कागदावरचा एक शब्द

नमस्कार श्रोतेहो.

पाच खोकी, आणि कागदावर शब्द होता ‘रिकामे’. ११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या विमानात ही खोकी चढली. आत होते ऑक्सिजन तयार करणारे रासायनिक डबे. हवेचा दाब घटला की प्रवाशांच्या मुखवट्यांना ऑक्सिजन देतात, तेच. मुदत संपलेली, पण रसायन शाबूत. असा डबा सुरू झाला की ऑक्सिजन सुटतो आणि वरचं पत्र्याचं कवच भयंकर तापतं. ते चुकून सुरू होऊ नयेत म्हणून बसवायची टोपणंही नव्हती. आग भडकली आणि उड्डाणानंतर जेमतेम दहा मिनिटांत विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली.

नियम तेव्हाही होतेच. इकाव ही नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना; तिच्या नियमांत धोकादायक मालाचे ९ वर्ग आहेत आणि अशा प्रत्येक पदार्थाला चार अंकी यूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा, क्रमांक असतो. कुठला माल प्रवासी विमानात चालेल, कुठला फक्त मालवाहू विमानात, सगळं ठरलेलं. अगदी पाऱ्यावरही बंधनं आहेत, कारण सांडलेला पारा विमानाचं ॲल्युमिनियम पोखरतो! पण माल स्वीकारणारा माणूस बाहेरची लेबलं आणि कागद ताडून पाहतो. आत काय आहे, ते बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या सहीवरच मानावं लागतं. माझ्या मते सगळ्या नियमावलीची नाजूक जागा हीच.

आज सगळ्यात जास्त डोकेदुखी आहे ती लिथियम-आयन बॅटरीची. एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. मालकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण ही साखळी त्याला तोडता येत नाही. २०१० साली दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू विमान जळून पडलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात अशा बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेता येत नाहीत.

मग पॉवरबँक केबिनमध्ये कशी चालते? उलटंच वाटतं खरं. पण तिथे धूर निघाला तर कुणाच्या तरी डोळ्यांसमोर निघतो, आणि पाणी ओतता येतं. म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत ठेवायची नाही. मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप; १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा आहे. २०,००० मिलीअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४ वॉट-अवर. फक्त हा आकडा पॉवरबँकवर वाचता आला पाहिजे. बॅगेत घासून तो पुसला गेला असेल, तर तपासणीच्या टेबलावर तुमचा तोंडी हिशेब कुणी ऐकून घेईलच असं नाही.