डोक्याला गुडघा लागल्यावर: खेळाडूला मॅटवर परत कधी आणि कसं आणायचं

मंडळी, समोर कबड्डीचे प्रशिक्षक आहेत, शाळांतले क्रीडाशिक्षक आहेत, काही पालकही आहेत. तेव्हा उदाहरण कबड्डीचंच घेऊ. कोपऱ्यावरचा मुलगा चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो. चढाईपटू पाय सोडवायला हिसडा देतो आणि त्याचा गुडघा पकड करणाऱ्याच्या कानशिलावर बसतो. मुलगा दोन-तीन सेकंद पडून राहतो, मग उठतो, डोकं झटकतो, ‘काही नाही सर’ म्हणतो. कुणीतरी डोक्यावर पाण्याची बाटली ओततं आणि पुढची चढाई सुरू होते. तिथून पुढच्या तीन आठवड्यांत काय करायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. डोकं गर्रकन फिरतं किंवा अचानक थांबतं, तेव्हा आतला मेंदू मागे राहतो आणि त्यातले चेतातंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा समतोल परत आणायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा पुरा पडत नाही. ही बिघडलेली देवघेव सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे, उद्या खेळायला हरकत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. स्कॅन नॉर्मल याचा अर्थ रक्तस्राव किंवा कवटीला तडा दिसला नाही, इतकाच. कन्कशन नाही, असं स्कॅन कधीच सांगत नाही. तसंच बेशुद्धीचं. दहा कन्कशनपैकी नऊ किंवा त्याहून जास्त वेळा खेळाडू बेशुद्ध पडतच नाही. त्यामुळे ‘शुद्ध हरपली नव्हती ना, मग झालं’ हा निकष सोडून द्या.

आता मॅटच्या कडेला काय पाहायचं? उठताना तोल जातो का, नजर हरवल्यासारखी आहे का, हात डोक्याकडे जातो का, उत्तराला वेळ लागतो का. मग साधे प्रश्न विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी होता? तो आपण जिंकलो का? एक जरी उत्तर चुकलं तरी खेळाडू बाहेर. सगळी बरोबर आली, पण डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय किंवा ‘डोक्यात धुकं आल्यासारखं वाटतंय’ असं तो म्हणाला, तरीही बाहेर. नुसती शंका आली तरी त्या दिवशी तो परत मॅटवर उतरणार नाही. राखीव खेळाडू असतात ते अशाच वेळेसाठी.

प्रश्नांची उत्तरं बरोबर आली म्हणून निर्धास्त होऊ नका, याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. 17 ऑगस्ट 2019 रोजी लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्या झाल्या, त्यांत तो पास झाला, परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि सुस्ती घेऊन, आणि सामन्यातून बाहेर पडला. त्याच महिन्याच्या 1 तारखेला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनसाठी बदली खेळाडूचा नियम लागू झाला होता. त्या नियमाने आलेला पहिला खेळाडू म्हणजे मार्नस लाबुशेन. तिथे डॉक्टर, कॅमेरे, सगळा ताफा हाताशी होता आणि तरीही लक्षणं रात्र उलटल्यावर दिसली. आपल्या तालुक्याच्या मैदानावर डॉक्टर असलाच तर नशीब. म्हणून आपला नियम त्यांच्यापेक्षा कडकच असायला हवा.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही, थेट 108 ला फोन करायचा: मान दुखणं, एकाची दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, झटका येणं, बेशुद्धी, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी वाढणं, किंवा मुलगा अकारण चिडून अंगावर येणं. मान दुखत असेल किंवा तो शुद्धीवर नसेल, तर त्याला उचलून बाकावर नेऊ नका. आपल्याकडे चौघे धावतात आणि हातपाय धरून उचलतात. हेतू चांगलाच असतो, पण मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या उचलण्यानेच ती वाढते. श्वास चालू आहे ना ते बघा, डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा, रुग्णवाहिका येईपर्यंत गर्दी हटवा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. तोंडात पाणी तर मुळीच घालू नका.

धोक्याचं काही नाही, डॉक्टरांनी तपासलं आणि मुलगा घरी आला. पहिली रात्र कुणीतरी जवळ असावं. ‘डोक्याला मार लागलाय, झोपू देऊ नका’ असं घरातली मोठी माणसं सांगतात. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, झोप त्याला हवीच आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या पहिले दोन दिवस टाळा, कारण आत रक्तस्राव सुरू असेल तर त्या तो वाढवू शकतात. लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. मोठ्या खेळाडूंनी दारू नाही, गाडी चालवणं नाही.

विश्रांतीबद्दल गेल्या काही वर्षांत मत पार बदललं आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचे, सगळी लक्षणं जाईपर्यंत. ऑक्टोबर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयावरची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचं एकमताचं निवेदन 2023 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात हा सल्ला स्पष्ट शब्दांत मोडीत काढला आहे. 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात हिंडणं-फिरणं, अंगणात चालणं चालेल. मोबाइल आणि टीव्ही मात्र या 48 तासांत शक्य तितके कमी करा. त्यानंतर हलका व्यायाम हाच उपचार आहे. आठवडाभर अंथरुणात ठेवलेला मुलगा उशिरा बरा होतो आणि मनाने खचतो ते वेगळंच.

आता पायऱ्या. एकूण सहा आहेत आणि एका पायरीला किमान 24 तास.

पहिली पायरी म्हणजे रोजची साधी कामं आणि चालणं. दुसरीत व्यायाम सुरू होतो आणि इथे मोजमाप लागतं. 220 मधून वय वजा केलं की नाडीची अंदाजे कमाल गती मिळते. 16 वर्षांच्या मुलाची 204. दुसऱ्या पायरीच्या पहिल्या भागात तिच्या 55 टक्क्यांपर्यंत जायचं, म्हणजे मिनिटाला 112 ठोके. दुसऱ्या भागात 70 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 143. घड्याळातलं यंत्र नसेल तर काही बिघडत नाही. व्यायाम थांबवल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवून 10 सेकंद नाडी मोजा. पहिल्या भागात 18 च्या वर आणि दुसऱ्यात 23 च्या वर गेली तर वेग कमी करा. संपूर्ण मिनिट मोजत बसू नका, तोवर नाडी खाली येते आणि आकडा फसवतो. एका जागी बसवलेली सायकल किंवा भराभर चालणं, 15 ते 20 मिनिटं, पुरे. हलकी वजनं चालतील. जोर-बैठकांचा सपाटा आताच नको.

व्यायामात डोकं थोडं दुखलं तर घाबरायचं का? यालाही माप आहे. व्यायामाआधी मुलाला विचारा, त्रास शून्य ते दहात किती? समजा तो म्हणाला दोन. व्यायाम करताना तो चारपर्यंत गेला आणि तासाभरात परत दोनवर आला, तर चालेल. पाचवर गेला किंवा तासाहून जास्त टिकला, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर पुन्हा प्रयत्न करा. हा आकडा वहीत लिहा. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला संघात राहायचंय अशा मुलाचं उत्तर एकच असतं. आकडा विचारला की तो विचार करून बोलतो.

तिसरी पायरी आपल्या खेळाची, पण एकट्याची. मॅटवर दुसरं कुणी नाही. पायांची हालचाल, बोनस रेषेपर्यंत जाऊन वळणं, हवेतली बॅक किक, टो टच. इथेच दम घेऊन ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायला लावा. दम धरून जोर लावल्यावर काही मुलांचं डोकं पुन्हा ठणकायला लागतं आणि चालण्या-सायकलीत ते कळलेलं नसतं. झटकन वळल्यावर गरगरतं का, तेही इथे उघड होतं. झेप घेणं, सूर मारणं या पायरीत नाही, कारण पडताना डोकं आपटू शकतं.

तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये दार आहे आणि त्याची किल्ली डॉक्टरांकडे. विश्रांतीत आणि दमून भागून झाल्यावरही एकही लक्षण उरलेलं नाही, तोल आणि स्मरणशक्ती पूर्ववत आहे, गोळ्या बंद आहेत, हे सगळं जमलं तरच पुढे. पावती फाडल्यासारखं ‘फिट’चं प्रमाणपत्र आणू नका. डॉक्टरांसमोर ती वही ठेवा.

चौथ्या पायरीत संघासोबत सराव, पण अंगाला अंग नाही. साखळी धरून सरकणं, सावलीसारखी चढाई, डावपेच. इथे डोक्याला काम लागतं: सहा जणांच्या हालचाली बघायच्या, कोपऱ्यावरचा गडी आत येतोय का ओळखायचं. पाचव्यात पूर्ण पकड. मी ही पाचवी दोन दिवसांत वाटून देईन. पहिल्या दिवशी जाड गादीवर, ठरलेल्या साथीदाराबरोबर, ठरलेल्या पकडी. दुसऱ्या दिवशी मोकळा सराव सामना. मार बसलेला मुलगा पकडीला जाताना डोळे मिटत असेल किंवा डोकं बाजूला न काढता खाली घालत असेल, तर तो अजून घाबरलेला आहे आणि अशीच पकड पुन्हा गुडघा खाते. तंत्र सुधारा, मग सहावी पायरी, म्हणजे सामना. चौथ्या ते सहाव्या पायरीत कुठेही लक्षण आलं, तर परत तिसरीवर.

हिशेब केला तर आठवड्यात सगळं उरकेल असं वाटतं. तसं करू नका. ब्रिटनने 2023 मध्ये हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत सामन्याला किमान 21 वा दिवस, आणि डोक्याला मार बसू शकेल असा सराव लक्षणांविना 14 दिवस गेल्याशिवाय नाही, असं ठरवलं आहे. ज्या संघाकडे स्वतःचा डॉक्टर नाही त्याने हाच नियम डोळे झाकून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मुलांना बरं व्हायला चार आठवडेही लागतात. पूर्ण बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित, आणि विशेषतः किशोरवयात, मेंदूला झपाट्याने सूज येते. त्यात जीव जातो.

शाळा खेळाच्या आधी. आधी घरी पाच ते पंधरा मिनिटं वाचन, मग गृहपाठ, मग अर्धा दिवस वर्ग, मग पूर्ण दिवस. वर्गात तो फळ्याकडे बघताना डोळे चोळत असेल तर आळशी ठरवू नका. पूर्ण वेळ शाळा जमत नाही, तोवर चौथी पायरी नाही. दहावी-बारावीच्या मुलांचे पालक इथे नीट ऐकतात, असा अनुभव आहे.

दहा दिवसांनंतरही चक्कर, मानदुखी किंवा डोकेदुखी हटत नसेल तर नुसतं थांबून राहू नका. मान आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवण्यासारखे व्यायाम ते शिकवतात, फरक पडतो.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाची एक नोंद घेऊन ठेवा. तेरा वर्षांपुढच्यांसाठी स्कॅट-6 नावाचा तपासणी-तक्ता आहे. 22 लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, दहा शब्दांची आठवण, डिसेंबरपासून उलटे महिने, एका पायावर 20 सेकंद तोल. तो भरायचा डॉक्टर किंवा फिजिओने. उलटे महिने कित्येक मुलं धडधाकट असतानाही अडखळत म्हणतात. ते आधीच माहीत असेल तर मार लागल्यावर गैरसमज होत नाही.

सर्वांत मोठी गळती कुठे होते सांगतो. एकच मुलगा शाळेकडून खेळतो, गावच्या मंडळाकडून खेळतो आणि एखाद्या अकादमीतही जातो. शाळेने त्याला बसवलं तर रविवारी तो मंडळाच्या जर्सीत मॅटवर असतो. म्हणून शंका आली त्याच संध्याकाळी तीन फोन करा: घरी, मंडळाला, अकादमीला. वही एकच ठेवा आणि ती मुलाच्या पिशवीत नको, पालकांच्या हातात द्या. पहिला सामना खेळून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करून तोच आकडा विचारा, शून्य ते दहात किती, आणि वहीत शेवटची ओळ लिहा.