मे महिन्यातली प्लेट

(दृश्य : पहाट. रिकामा कॉरिडॉर, टोकाच्या एकाच खोलीत दिवा.)

सकाळचे साडेपाच. केसपेपरच्या खिडकीपुढे अजून रांग लागलेली नाही, पण सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला बर्नर पेटलाय. विभागातले मदतनीस मामा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून, फ्लास्क काढतात, हाताला सोसेल इतका निवू देतात आणि एकेका प्लेटमध्ये अगार, म्हणजे जंतू वाढवायची खळ, ओततात. एरवी हे काम अकराच्या सुमारास चालतं. मे महिन्यात नाही.

"दुपारी ओतलं तर गोठंनाच की," मामा सांगतात. "पंखा लावावा तर धूळ पडायली."

मामांचं खरं आहे. वितळलेला अगार चाळीस अंशांच्या खाली उतरल्याशिवाय घट्ट होत नाही, आणि मराठवाड्यातली मे महिन्याची दुपार स्वतःच चाळिशी ओलांडून बसलेली असते.

(दृश्य : मॅडम अ‍ॅप्रन चढवताना, पाठमोऱ्या.)

ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय, त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली : नाव नको, कॉलेजचंही नको. म्हणून आपणही त्यांना मॅडमच म्हणू.

गाव बीड जिल्ह्यातलं. एमबीबीएस अंबाजोगाईच्या 'स्वाराती' मेडिकल कॉलेजात, एमडी औरंगाबादच्या सरकारी 'घाटी'त. मायक्रोबायोलॉजी घेतली तेव्हा पाहुण्यारावळ्यांना वाटलं, पोरीला मार्क कमी पडले असणार. मग अधिव्याख्याता म्हणून नेमणूक, तीही १२० दिवसांची. मुदत संपली की एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवी ऑर्डर. पुढे पदाचं नाव बदलून सहायक प्राध्यापक झालं. घरचे अजून लेक्चररच म्हणतात.

एमडीच्या प्रबंधाचा विषय होता स्टॅफिलोकोकस ऑरियस. साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात हा जंतू काही त्रास न देता राहत असतो. मॅडमनी वॉर्डातल्या सिस्टर, मामा, जेआर म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, सगळ्यांच्या नाकात स्वॅब फिरवला. स्वतःच्याही. स्वतःचा रिपोर्ट काय आला, ते मात्र हसून टाळतात.

हाच जंतू जखमेत शिरला की पू करतो. त्याच्यासाठी मेथिसिलिन हे औषध १९५९ साली वापरात आलं, आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्या औषधाला न जुमानणारा स्टॅफ सापडलासुद्धा. तोच एमआरएसए.

(दृश्य : प्लेटचा क्लोजअप. सोनेरी झाक असलेले ठिपके.)

हा पू एका ऊसतोड कामगाराच्या हाताचा. कोयता लागला, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं, माणूस गावी परतला, तरी जखम काही भरेना. स्लाइडवर जंतू ओळखण्याचा ग्रॅमचा रंग चढवला तर जांभळे, द्राक्षांच्या घडासारखे पुंजके दिसले. आता त्याची सेन्सिटिव्हिटी लावायची, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं. म्युलर-हिंटन अगारची प्लेट, जाडी चार मिलिमीटर. तिच्यावर जंतूंचं पाणी स्वॅबनं सारवायचं, जसं अंगण सारवतात, एकही कोपरा न सोडता. वर औषधाच्या चकत्या. मधली चकती सेफॉक्सिटिनची, चाचणीत मेथिसिलिनच्या जागी हेच वापरतात.

दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. २२ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध लागू. २१ किंवा कमी भरलं तर एमआरएसए. मधे फक्त एक मिलिमीटर.

या एका मिलिमीटरनं मॅडमची बरीच वर्षं खाल्ली.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या हा विषय विरजणापासून सुरू करतात. थंडीत दही लागत नाही, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबून जातं. दूध तेच, विरजण तेच, फरक उबेचा. या चाचणीसाठी स्टॅफला हवी ३३ ते ३५ अंशांची ऊब. एमआरएसएच्या एकाच वाढीतले सगळे जंतू सारखे दांडगे नसतात. थोडेच उघडपणे औषधाशी भिडतात, आणि ऊब ३५च्या वर गेली की तेही दबून राहतात. मग वर्तुळ मोठं दिसतं. कागदावर 'औषध लागू' असा रिपोर्ट जातो आणि पेशंटच्या जखमेत तोच जंतू औषधाला दाद देत नाही.

आता गंमत बघा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच ४१वर गेली तर तो बिचारा काय करणार? नव्या नोकरीतल्या पहिल्याच उन्हाळ्यात मॅडमनी आत वेगळा थर्मामीटर ठेवला. दुपारी पारा ३९वर होता. बाहेरचा आकडा मात्र शांतपणे ३५ दाखवत होता. जपून ठेवलेले जंतू काढून त्यांनी पुन्हा प्लेटा लावल्या. किती रिपोर्ट बदलले, हे त्या कॅमेऱ्यासमोर सांगत नाहीत.

हे काही नवं संशोधन नव्हे, पुस्तकात छापलेलंच आहे, असं त्या स्वतःच म्हणतात. पण ते पुस्तक लिहिणाऱ्यांच्या खोलीत मे महिना नव्हता.

गार करणाऱ्या इन्क्युबेटरची मागणी लिहून दिली. फाइल फिरत राहिली. २०२० साल उजाडलं. सुरुवातीला कोरोनाचे नमुने पुण्याला पाठवावे लागायचे. मग इथेच आरटीपीसीआर सुरू झालं आणि त्यासाठी एसी आला. साथ ओसरल्यावर मॅडमनी मामांना हाताशी घेतलं आणि जुना इन्क्युबेटर ढकलत त्या एसीच्या खोलीत नेऊन ठेवला.

(दृश्य : दुसरी सकाळ. पट्टी, प्लेट, मॅडमचं बोट.)

"एकोणीस."

जेआर पुन्हा मोजतो. एकोणीसच. मॅडम रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाहीत, सर्जरीच्या वॉर्डात फोन लावतात. "कोयत्याचा पेशंट आहे ना तुमच्याकडे? चालू असलेलं बंद करा. एमआरएसए आहे."

(दृश्य : इन्क्युबेटरच्या दाराला दोरीनं बांधलेली वही. मामांचं अक्षर.)

सकाळी ९ : ३५.
दुपारी १२ : ३५.
दुपारी २ : लाइट गेली. मॅडमला सांगितले.