कापूस आधी, तार नंतर

(नागपुरात, धरमपेठेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेपिंगचं यंत्र : आत काय असतं?’ पण संयोजकांनी खरा प्रश्न मला आधीच कानात सांगून ठेवलाय. कॉलेजातले पोट्टे विचारतात, “सर, आरटीए निवडायचा तर काय बघायचं?” आरटीए म्हणजे ज्याची कॉइल आणि कापूस आपल्या हातानं बदलता येतो असा टाकीवाला अ‍ॅटोमायझर, म्हणजे ई-सिगारेटचा द्रवाची वाफ करणारा भाग. मी हा प्रश्न टाळणार नाही. आयुष्यभर मुलांना हीटरच्या तारा शिकवल्या आहेत, वस्तूच्या पोटात काय आहे असं कोणी विचारलं की मला गप्प बसवत नाही.

पण आधी कायदा सांगतो, नाहीतर मागच्या रांगेतल्यांचा भलता समज व्हायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळं बंद. निकोटिन असो वा नसो. आणि कायद्याची भाषा बारकाईनं वाचा : पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग. आरटीए हा भागच आहे. म्हणजे ‘मी तर नुसती टाकी विकली, बॅटरी त्याची होती’ ही सबब चालत नाही. साठवणीची शिक्षा कमी आहे, बाकी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यात नाही, पण ती वस्तू त्याच्या हातात पोचण्याची जवळजवळ प्रत्येक पायरी गुन्हा आहे. जाहिरातही गुन्ह्यात मोडते, म्हणून आज मी एकाही कंपनीचं नाव घेणार नाही. कुठं मिळतं हेही विचारू नका.

पानठेल्यावर सिगारेट राजरोस मिळते आणि हे मिळत नाही, ही विसंगती मलाही दिसते. त्यावर वाद घालायला आपण जमलो नाही. मला खटकते ती निराळी गोष्ट. युरोपात २०१४ च्या निर्देशानुसार टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नियम म्हटला की तपासणी आली, तपासणी म्हटली की चूक धरणारा कोणीतरी आला. आपल्याकडे चोरवाटेनं आलेल्या बाटलीवर काय लिहिलंय त्याला कोणीच बांधील नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये जे घडलं ते आठवा. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण फुप्फुसाच्या इजेनं रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत मृत्यू ६८. मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, प्रामुख्यानं गांजातला अर्क भरलेल्या कार्ट्रिजमध्ये दाटपणासाठी घातलेलं. यंत्र तेच, आत भरलेलं द्रव भलतंच.

आता यंत्राकडे येऊ. पडद्यावर उभा छेद दाखवलाय, तो बघा.

खाली आटे आहेत. ७ मिलिमीटरचे, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराचे. जगभर बहुतेक बॅटरीपेट्या आणि टाक्या याच आट्यांनी जुळतात. त्याच्या वर बशीसारखा भाग, त्याला डेक म्हणतात. डेकवर दोन पोस्ट, म्हणजे छोटे खांब, एक धन, एक ऋण, दोन्हींत स्क्रू. त्या दोघांमध्ये तारेची कॉइल ताणलेली. कॉइलच्या पोटातून कापसाची वात आरपार गेलेली, आणि वातीची दोन्ही टोकं डेकच्या कडेच्या खाचांत खोचलेली. या सगळ्यावर घंटेसारखं झाकण, त्यातून निघणारी चिमणी, चिमणीभोवती काचेची टाकी. म्हणजे द्रव बाहेरच्या बाजूला, वाफ मधल्या नळीतून. कापसाची टोकं हा दोघांमधला एकमेव दरवाजा.

आता नवशिक्याची नजर सगळ्यात आधी तारेवर जाते. कांथलची की निक्रोमची (म्हणजे निकेल-क्रोमियमची), साधी की गुंफलेली. तारेचं गणित सोपं आहे. कांथल म्हणजे लोखंड, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. स्वीडनमध्ये भट्ट्यांसाठी निघाला. ०.४ मिलिमीटर जाडीच्या कांथल तारेचा रोध मीटरला साधारण साडेअकरा ओम. ३ मिलिमीटर आतल्या व्यासाचे सहा वेढे घातले की पायांसकट ०.८ ओमच्या आसपास भरतं. त्याला ३.७ व्होल्ट लावा : साडेचार अ‍ॅम्पियरपेक्षा थोडं जास्त, सतरा वॅट. अशाच दोन कॉइल शेजारी बसवल्या की रोध निम्मा आणि वॅट दुप्पट. बारावीचं भौतिकशास्त्र, बाप्पा, यापुढे काही नाही.

आणि म्हणूनच तार हा खरा प्रश्न नाही. तार जेवढी वीज द्याल तेवढी तापते, ती कधी तक्रार करत नाही. खरा प्रश्न आहे की कॉइल जितक्या वेगानं द्रव उडवते तितक्या वेगानं कापूस ते आणून देतो की नाही. आरटीए निवडताना बाकी सगळं याच्या मागून येतं.

समईची वात डोळ्यांसमोर आणा. सैल वळली तर तेल भराभर चढतं, घट्ट पीळ दिला तर वर पोचेपर्यंत टोक करपतं. आरटीएमध्ये पहिला भाग हुबेहूब तसाच आहे. फरक एवढाच की समईचं तेल उघड्यावर असतं, आणि ही टाकी वरून बंद आहे. बंद टाकीतून थोडं द्रव बाहेर गेलं की आत तेवढी पोकळी होते. ती भरायला हवा आत शिरली पाहिजे, आणि तिला यायला वाट एकच, तीच कापसाची खाच. म्हणून वेपिंग करणारा टाकीत बुडबुडा वर जाताना दिसला की खूश होतो. बुडबुडा म्हणजे पुरवठा चालू असल्याची पावती.

कापूस जास्त कोंबला तर द्रव येत नाही, बुडबुडाही जात नाही. कमी ठेवला तर दरवाजा उघडाच राहतो आणि द्रव डेकवर उतरून हवेच्या भोकांतून बाहेर. बरेच जण ‘ही टाकी गळकी आहे’ म्हणतात तेव्हा दोष टाकीचा नसून खाचेत खोचलेल्या कापसाचा असतो. त्यामुळे डेक बघताना मी आधी खाचा बघेन. रुंद आहेत का, कडा धारदार तर नाहीत, कापूस आत सरकवताना दिसतो का, की अंदाजानंच ढकलावा लागतो. काही टाक्यांत बाहेरून फिरवून खाचा लहान-मोठ्या करायची कडी असते. भरताना ती बंद ठेवता येते, ही खरोखर कामाची सोय.

इथे नागपूरचा संबंध येतो. या द्रवात मुख्यतः दोन गोष्टी : प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन म्हणजे साबण करताना तेलातून सुटणारा जोडपदार्थ. आपल्या गावात एलआयटीमध्ये, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, तेल तंत्रज्ञान शिकलेले कोणी सभागृहात असतील तर ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. २० अंशांना ग्लिसरीन पाण्यापेक्षा हजारपटीहून जास्त दाट असतं, ग्लायकॉल पन्नासेक पट. पण ग्लिसरीनचा दाटपणा तापमानासोबत धडाधड उतरतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना तो २० अंशांच्या तुलनेत सातव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे लंडनच्या हिवाळ्यात जो कापूस नीट बसलेला असतो, तोच सीताबर्डीच्या दुपारी गळायला लागेल. त्यात अर्धी रिकामी टाकी बंद गाडीत ठेवली तर आतली हवा फुगते, २५ वरून ४५ अंशांना सुमारे सात टक्के, आणि ती द्रवाला बाहेर ढकलते. परदेशी परीक्षणात ‘अजिबात गळत नाही’ असं लिहिलेलं असतं, ते कुठल्या हवेतलं हे कोणी लिहीत नाही.

म्हणूनच हवेची भोकं खाली आहेत की वर, हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. भोकं कॉइलच्या खाली असली की हवा थेट तारेवर आदळते, चव चांगली लागते असं वापरणारे सांगतात. पण गळालेला थेंब सरळ बॅटरीपेटीवर. हवा वरून घेऊन आतल्या भिंतीतून खाली नेणाऱ्या रचनेत थेंबाला वाट मिळत नाही. त्याची किंमत म्हणून हवेचा रस्ता लांबतो. मला निवडायचं असतं तर मी दुसरी निवडली असती. चवीवर मी मत देत नाही. ‘चव जबरदस्त’ हे शब्द मला वस्तूबद्दल काहीच सांगत नाहीत.

एक कॉइल की दोन? हा वाद मोठ्या आवाजात चालतो, पण वर सांगितलेलं पुन्हा लावा. दोन कॉइल म्हणजे दुप्पट वाफ आणि चार खाचांवर पुरवठ्याचा भार. दोन कॉइलांचे वेढे तंतोतंत सारखे नसले तर एक लवकर लाल होते आणि तिचाच कापूस करपतो. नवशिक्याला एकच बरी. ओढ आवळ हवी की मोकळी, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग. सिगारेटवरून आलेला माणूस आधी तोंडात धूर घेऊन मग आत ओढतो, त्याला बारीक भोक लागतं. स्क्रूंची डोकी घासली जातात का, रबरी कड्या आणि सुटी काच सोबत येते का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

पुरवठा कमी पडला की काय होतं, यावर मात्र थोडं थांबतो, कारण प्रकृतीचा धोका इथेच आहे. कापसात द्रव आहे तोवर तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूभोवती रेंगाळतं. ग्लायकॉलचा १८८, ग्लिसरीनचा २९०. द्रव संपलं की लगाम सुटला. ग्लिसरीन तुटून अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल धुरावल्यावर घशात जो ठसका बसतो, त्यात हेच असतं. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं. ई-सिगारेटच्या वाफेत ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. जगभर मथळे झाले. मग इतर संशोधकांनी दाखवलं की ५ व्होल्टला त्या उपकरणातली वात कोरडीच पडत होती, आणि तसा करपट झुरका माणूस दुसऱ्यांदा घेणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. माझ्यापुरतं त्यातून एवढंच निघतं की एकाच यंत्रातून निघणारी वाफ एकच नसते. कापूस कसा भरलाय त्यावर ती बदलते. आणि हा कापूस भरणारा कुठलंही प्रशिक्षण न घेतलेला विशीतला मुलगा असतो.

बॅटरीबद्दल एकच गणित. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट. ढगासारखा धूर हवा म्हणून कोणी ०.२ ओमची कॉइल केली तर २१ अ‍ॅम्पियर. घरातला पंधरा अ‍ॅम्पियरचा मोठा सॉकेट आठवा, त्याहून जास्त, आणि तो प्रवाह बोटाएवढ्या सेलमधून. या यंत्रांत वापरले जाणारे कित्येक १८६५० आकाराचे सेल एवढा प्रवाह सतत द्यायला बनलेलेच नसतात, आणि नकली वेष्टनावर काहीही आकडा छापता येतो. सेलचं प्लास्टिक जरा फाटलं असेल तरी तो खिशात चिल्लर आणि किल्ल्यांसोबत ठेवायचा नाही.

(प्रश्नोत्तरांतून)

एका ताईंनी विचारलं, सिगारेटपेक्षा हे कमी घातक आहे का? जळलेल्या तंबाखूतलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नाही, म्हणून तपासलेल्या वस्तूंची वाफ सिगारेटच्या धुरापेक्षा कमी घातक मानायला आधार आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी सरकारी यंत्रणा ती सुचवतेही. दीर्घकाळाचा हिशेब अजून लागायचाय. पण तुमच्या मुलानं कधी सिगारेटच ओढली नसेल, ताई, तर त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी आहे.

शेवटचा प्रश्न एका गृहस्थांचा. “सर, पोरगा खर्रा खातो. तो सोडायला हे वेप चालेल का?” नागपुरात हा प्रश्न येणारच होता. नाही भाऊ, काहून ते सांगतो. खर्ऱ्यात तंबाखूसोबत सुपारी घोटलेली असते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, आणि तिचीही वेगळी लत लागते. तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः तिच्यामुळं. वाफेचं यंत्र सुपारीच्या लतीला हातही लावत नाही, वर एक नवी सवय जोडतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी आहे, तिथं बोलायला लावा. दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवा, त्याला तीन बोटं उभी आत जातात का ते आजच घरी बघा. डॉक्टर निकोटिनचा गम सुचवतील कदाचित. तो खर्ऱ्यासारखा चघळत बसायचा नाही. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, ओसरल्या की पुन्हा चावायचा. आणि आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा संत्र्याचा रस नको, तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून नीट शिरत नाही.