पश्चिमेची खिडकी

(दृश्य : मिरजेतली गच्ची, संध्याकाळ. दूरवर दंडोबाचा डोंगर.)

२०२०चा एप्रिल. आमच्या गच्चीवरून दंडोबा एरवी धुरकटच दिसायचा. त्या महिन्यात मात्र त्याची कड न् कड स्पष्ट झाली. शेजारचे आजोबा रोज म्हणायचे, “हवा बघ कशी झालीय. आणि वर हे ऊन. ह्यात कुठला विषाणू टिकतोय?”

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

गाड्या थांबल्या की त्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू झटकन कमी होतो. तो हवेत काही तासच टिकतो. बारीक कणांचं तसं नाही. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, दिवसेंदिवस तरंगतात, वाऱ्याबरोबर लांबून येतात. शिवाय चुली पेटतच होत्या. आणि वळवाची एक सर आली की धूळ बसतेच, लॉकडाऊन असो वा नसो. म्हणून त्या एप्रिल-मेची हवा मार्चशी ताडून भागत नाही, आधीच्या वर्षांच्या एप्रिल-मेशी ताडावी लागते.

(दृश्य : इस्लामपूर, सामसूम रस्ता.)

२३ मार्चला इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित निघाले. आठवडाभरात आकडा वीसच्या पुढे गेला, बहुतेक नात्यातलेच. रस्ते ओस होते आणि आजार घराच्या आत पसरत होता.

उन्हात, उघड्यावर विषाणू लवकर निकामी होतो, हे खरंच आहे. पण चाळीस अंशांच्या झळा लागल्या की आपण करतो काय? दारं लावतो, पडदे ओढतो, सगळं घर एका पंख्याखाली आडवं होतं. बोलता-खोकताना निघालेले सूक्ष्म तुषार त्या कोंडलेल्या हवेत साचत जातात. शेजारी झोपलेल्याच्या नाकापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागणार? बाहेरचं ऊन तिथं शिरतच नाही.

सप्टेंबरात, पावसाळा सरता सरता, जिल्ह्यात रुग्ण झपाट्यानं वाढले. आणि २०२१च्या एप्रिल-मेत, भर उन्हाळ्यात, दुसरी लाट आली. ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी सांगली, कराड, सातारा असे फोन फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत.

(दृश्य : जुनं घर, बंद खिडकी.)

शेजारचे आजोबा त्याच मे महिन्यात गेले. त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती, पश्चिमेची. झळा येतात म्हणून ती दुपारभर लावलेली असायची.