अल्बम संपला पाहिजे

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. फळ्यावर लिहिलंय '२०२४चे अल्बम : एका रसिकाची मतं'. रसिक वगैरे राहू द्या, मी फॅन आहे, आणि मतं माझ्याकडे पोत्याने आहेत. सात वाजता इथे भजनी मंडळ येणार असं मला आत्ता सांगितलं, तेव्हा पाचही अल्बम भराभर उरकतो. पण त्याआधी एक मुद्दा, कारण तो कळल्याशिवाय पुढचं सगळं तुम्हाला नुसतं किरकिर वाटेल. अल्बमला शेवट असतो. असायला पाहिजे. हसताय काय?

आमच्याकडे एक कॅसेट भरून देणारा होता. पन्नाशीच्या पुढच्यांना हे समजवायला नको, बाकीच्यांनी शेजारी बसलेल्याला विचारा. कोरी साठची कॅसेट द्यायची, एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीचं, नाव सांगायचं आणि मग रोज दुकानात चकरा मारायच्या. मी पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा १९७५चा 'विश यू वेअर हिअर' भरायला टाकला. आता एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची आणि कॅसेटची तीस, म्हणजे दोन्हीकडे थोडी टेप कोरी राहणार, राहू दे की! पण त्या माणसाला टेप वाया गेलेली बघवायची नाही. त्याने दोन्ही बाजूंना बोनी एम भरलं. न विचारता. वर म्हणतो, "त्याचे पैसे नाही लावले."

आता त्या अल्बमचा शेवट तुम्हाला माहितीय. त्यांच्या रिचर्ड राइटचा कीबोर्ड हळूहळू विरत जातो, आपण डोळे मिटून पडलेलो, आणि धाडकन डिस्को! मी भांडायला गेलो तर म्हणाला पुसून देतो, पण पुसायचे वेगळे पडतील. आमच्या ताईला तर कित्येक वर्षं ते अल्बमचंच गाणं वाटायचं. म्हणायची, एवढं रडगाणं ऐकल्यावर शेवटचं तेवढं बरं आहे. (हशा) तुम्ही तिच्या बाजूने हसताय हे मला दिसतंय.

सांगायचं कारण, तो कॅसेटवाला काळाच्या पुढे होता. आज अख्खा धंदा त्याचाच चाललाय. अल्बम संपला की अ‍ॅप एक सेकंद थांबत नाही, त्याच्या मनाने पुढचं लावतं. आणि कंपन्या त्याच अल्बमला जादा गाणी जोडून डिलक्स काढतात, मग डिलक्सचं डिलक्स. यामागे हिशोब आहे. २०२४मध्ये अमेरिकेत खपाची यादी काढणाऱ्या बिलबोर्डच्या नियमाप्रमाणे अ‍ॅपला पैसे भरणाऱ्यांनी अल्बममधली गाणी मिळून १२५० वेळा वाजवली की एक अल्बम खपला असं धरत होते. मग दहा गाण्यांचा कशाला काढाल, तीसचा काढा! स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की गाणं मोजलं जातं, म्हणून सुरुवातीच्या म्युझिकवरही गदा.

हो, हो, चिठ्ठी मिळाली. वीस मिनिटं? दहा. बरं.

टेलर स्विफ्ट. 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट', १९ एप्रिलला आला, सोळा गाणी. मध्यरात्री जागून पोरींनी ऐकला, आणि दोन तासांनी बाईंनी आणखी पंधरा गाणी सोडली. एकतीस गाणी, दोन तासांच्या वर! तिला लिहिता येतं याबद्दल वाद नाही, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी माझ्याकडे असं बघू नये, पण कोणीतरी निम्मी गाणी तिच्या हातातून काढून घ्यायला हवी होती. पियानो, संथ सिंथ, तोच सूर, विसाव्या गाण्याला मी भांडी घासायला उठलो.

त्यानंतर महिन्याभरात बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खल्लास. आधी एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, सोडलं नाही, म्हणजे ऐकायचा तर सगळा ऐका. भाऊ फिनिअस सोबत आहेच. त्यातलं फ्रेंच नावाचं गाणं अर्ध्यात कूस बदलतं, हळूवार चाललेलं एकदम क्लबमध्ये शिरतं, आणि ते शफलवर, म्हणजे गाणी पिसून, ऐकलं तर हे दुसरंच गाणं लागलं असं वाटतं. तेव्हा बावीस वर्षांची पोर होती हो.

द क्युअर, इंग्लिश बँड. सोळा वर्षांनी अल्बम, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', आठ गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटून जातात तरी त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही! ड्रम संथ पडतायत, सिंथचे थर चढतायत, तुम्ही फोनकडे बघता की काही बिघडलं का, आणि मग तो गातो. तीस सेकंदवाल्यांच्या थोबाडीत. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं, आणि त्यानंतर खरंच काही ऐकावंसं वाटत नाही. माझा पहिला नंबर याला.

बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर', एका वाक्यात. सत्तावीस ट्रॅक आहेत, माझ्या नियमात बसत नाही, पण मध्ये जुना कंट्री गायक विली नेल्सन रेडिओवाला होऊन बोलतो, त्यामुळे लांबीला आकार आलाय, म्हणून पास.

पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिलमर राहिला. 'लक अँड स्ट्रेंज', नऊ ट्रॅक. मुलगी रोमानी एक गाणं गाते आणि बापापेक्षा बरं गाते. शीर्षकगीतात राइटचा कीबोर्ड आहे, २००७ला कोठारात जॅम केलं होतं, म्हणजे सहज जमून वाजवलं होतं, त्यातला, २००८ला तो गेला. सगळं कसं नीट संपतं, आणि मग सीडीवर या माणसाने बोनस लावलाय! तेच कोठारातलं जॅम, अख्खं, तब्बल चौदा मिनिटं. कॅसेटवाला जिंकला. पण तिथे राइट वाजवतोय, म्हणून मी पुसणार नाही.

प्रश्न नंतर बाहेर चहावर घेऊ. दारातली माणसं सरका जरा, त्यांची पेटी आत येऊ द्या.