सेंट गॅलनची छडी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘सेंट गॅलनचा बेनेडिक्टाइन मठ आणि त्याची शाळा : हजार वर्षांचा इतिहास’. त्यातला बराच वेळ माझी ओळख करून देण्यात गेला, (हशा) तेव्हा हजार वर्षांना कात्री लागणार.

आपल्याकडे शाळा शंभर वर्षांची झाली की स्मरणिका काढतात. माझ्या शाळेचीही निघाली. आधी शुभसंदेश, मग संस्थाचालकांचे फोटो, मग इमारत निधी, मग सराफांच्या जाहिराती. मुलं कुठंयत? एका ग्रुप फोटोत, तीही मुंगीएवढी! हा राग माझा जुना आहे.

सेंट गॅलन नशीबवान. स्वित्झर्लंडातल्या या मठाची बखर 11व्या शतकात एकेहार्ट नावाच्या साधूनं पुढे चालवली. हा गडी त्याच शाळेत शिकलेला. तारखांचा घोळ घालतो, जुन्या लोकांचं कौतुक जरा जास्तच करतो, पण वर्गात काय चालायचं ते त्याला ठाऊक आहे.

त्याच्याकडचा एक किस्सा सांगतोच. सालोमो हा कॉन्स्टन्स शहराचा बिशप आणि या मठाचाही मुख्य. नाताळानंतरच्या बालसंतांच्या सणाला मुलांचं राज्य असायचं. वर्गात पाहुणा शिरला की त्याला धरायचं आणि काहीतरी वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही. सालोमो डोकावला आणि सापडला. मोठा वस्ताद माणूस! तो थेट मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, ‘मास्तरांच्या जागी बसलोय, म्हणजे मास्तरांचा हक्क माझा. काढा कपडे!’ म्हणजे फटक्यांची तयारी. पोरांनी निमूट कपडे उतरवले, पण म्हणाली, ‘मास्तरांकडून आम्ही लॅटिन बोलून सुटतो, तसंच आज सुटू द्या.’ लहानग्यांनी साधं लॅटिन ऐकवलं, मोठ्यांनी छंदात बांधून. सालोमोनं उठून एकेकाला जवळ घेतलं आणि दरवर्षी तीन दिवस खेळाची सुट्टी नि सामिष जेवण लावून दिलं. (टाळ्या) टाळ्या सुट्टीला आहेत की जेवणाला, तेवढं सांगा.

जर्मनांचा राजा कॉनराड 911 साली मठात आला, तेव्हा त्यानं मिरवणुकीच्या वाटेवर सफरचंदं पसरून ठेवायला लावली. एकाही पोरानं हात लावला नाही. एकेहार्ट म्हणतो, शिस्त! मी म्हणतो, मास्तर मागे चालत असणार.

छडीची दुसरी बाजूही तो लपवत नाही. 937 साली शिक्षा व्हायची होती म्हणून एका मुलाला माळ्यावरून छड्या आणायला धाडलं. त्यानं वर जाताना शेगडीतलं जळतं लाकूड उचललं आणि माळ्यावरच्या सुक्या लाकडांना लावलं. मठाचा मोठा भाग जळाला. स्मरणिकेत हे कुणी छापेल का? ‘शाळा आमच्या माजी विद्यार्थ्यानं जाळली!’

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर मूळ विषय. आयर्लंडहून आलेल्या कोलंबानस या साधूचा सोबती गॅलस 612 च्या सुमारास तिथे एकटा राहिला. 719 मध्ये ओटमारनं मठ उभा केला. 747 पासून संत बेनेडिक्टची साधूंसाठीची नियमावली, म्हणून हा मठ बेनेडिक्टाइन. 9व्या शतकात शेजारच्या रायशेनाऊ मठातून मठाधिपती गोत्सबर्टला आदर्श मठाचा आराखडा आला. पाच चामडी तुकडे शिवलेले; त्यात कोंबड्यांची खुराडी, संडास आणि बाहेरच्या मुलांची वेगळी शाळासुद्धा! तसं बांधकाम कधीच झालं नाही. 12व्या शतकात कुणीतरी आराखड्याच्या मागच्या बाजूला संत मार्टिनचं चरित्र लिहिलं, म्हणून तो कागदपत्रांत टिकला. 926 मध्ये हंगेरियन स्वार चालून आले. कोठडीत स्वतःला कोंडून राहिलेल्या विबोराडानं आधी ग्रंथ हलवा म्हणून बजावलं होतं. ग्रंथ वाचले, ती मारली गेली. तिच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. नंतर इथल्याच शाळेचा मास्तर नोटकर, 1022 मध्ये वारला, त्यानं बोएथियस, अ‍ॅरिस्टॉटल हे जुने तत्त्वज्ञ मुलांसाठी जर्मनमध्ये आणले, कारण मातृभाषेत लवकर कळतं. हे वाक्य आपल्या शिक्षण खात्याला पाठवून द्या. 1805 मध्ये नव्या कॅन्टनच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, सरकारनं मठ बंद केला. ग्रंथालय मात्र चालू राहिलं. 1983 पासून सारा परिसर जागतिक वारसा आहे, आणि आराखडाही तिथेच आहे.

दुसरी चिठ्ठी. बरं, प्रश्न चहाच्या वेळी विचारा.