तास नसतो तेव्हा मुलगी कुठे असते?

(नागपुरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय ‘मुलांच्या कॉलेजातल्या पहिल्या मुली’ असा छापला आहे. खाली मीच लिहून दिलेली एक ओळ आहे, की नागपुरात हा इतिहास कसा शोधायचा ते सांगेन. तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेते. गेली कित्येक वर्षं ती माझ्या मनात आहे आणि ऐकून घेणारे इतके लोक एकदम समोर बसलेत असं रोज होत नाही.

आपण पहिलीला हार घालतो. पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर, पहिली इंजिनिअर. प्रवेशाचं साल पाठ करतो आणि तिथेच थांबतो. माझं म्हणणं असं आहे की प्रवेश मिळाला त्या दिवशी ते कॉलेज मुलींचं झालंच नाही. कधी झालं हे पाहायचं असेल तर एकच विचारा: तास नसतो तेव्हा मुलगी कुठे असते? मुलगा कुठे असतो ते आपल्याला माहीत आहे. व्हरांड्यात, मैदानावर, चहाच्या टपरीवर, झाडाखाली. मागच्या रांगेतले काका हसताहेत, म्हणजे मॉरिस कॉलेजचे असणार. हो ना? बघा, हात वर झाला! आता त्यांच्याच काळात कॉलेजात असलेल्या बायांनी सांगावं, दोन तासांच्या मधे तुम्ही कुठे असायच्या? ... ऐकलंत? चौघी एकदम बोलल्या: ‘लेडीज रूम.’

आपल्या शहराचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. हिस्लॉप कॉलेज १८८३चं, मॉरिस १८८५चं. विद्यापीठ आलं १९२३ मध्ये. त्याआधी परीक्षा आधी कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या. वुमेन्स एज्युकेशन सोसायटीचं मुलींचं कॉलेज, म्हणजे आजचं एलएडी, निघालं १९३२ मध्ये. तोपर्यंत नागपुरात कुणा मुलीला मॅट्रिकच्या पुढे जायचं असेल तर पोट्ट्यांच्याच कॉलेजात जावं लागे. आणि १९३२ नंतरही जिला सायन्स हवं, तिची वाट बहुतेक तिकडूनच जाई.

माझी आत्या त्यातलीच. चाळीसच्या दशकात ती इंटर सायन्सला होती. कॉलेजचं नाव मी घेणार नाही, कारण पुढे त्या कॉलेजबद्दल माझी तक्रार येणार आहे आणि मला भांडण नको, दुरुस्ती हवी आहे. आत्या महाल भागातल्या घरून निघायची. माझी आजी दारात उभी राहून रोज तेच म्हणायची, “येवढ्या पोट्ट्यांत एकटी पोट्टी कशी बसन वो?” एकटी नव्हती, तिघी होत्या. पण आजीचा हिशेब चुकीचा नव्हता. प्रॅक्टिकलला जोड्या लागत. दोघींची जोडी जमली की तिसरी एकटी उरे, आणि तिसरी म्हणजे आत्या. मुलांच्या जोडीत मुलगी घालायची नाही हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी तो सगळ्यांना माहीत होता. त्यामुळे उपकरण लावणं, रीडिंग घेणं, लिहून काढणं, सगळं तिचं एकटीचं. ती सांगायची, “माझा हात इतका बसला की डेमॉन्स्ट्रेटर दुसऱ्यांना माझं जर्नल दाखवायचे.” हे सांगताना तिला अभिमान असायचा आणि तो तिला शोभायचा. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, दुप्पट कामाला आपण तिची हुशारी म्हणून मोकळे झालो.

लेडीज रूम व्हरांड्याच्या टोकाला, प्रोफेसरांच्या खोलीला लागून. दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा, आत एक लांब बाक, एक माठ आणि भिंतीवर आरसा. घंटा झाली की मुली बाहेर येत नसत. प्रोफेसर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग ओळीने जायचं, डावीकडच्या पहिल्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागे परत यायचं. इथे बसलेल्या कितीतरी जणींनी हे केलंय, माना हलताना मला दिसताहेत. या पद्धतीने मुलींना त्रास कमी झाला हे मला मान्य आहे. पण तिने आणखी काय केलं ते बघा. प्रोफेसरांना तासानंतर मुलं घेरून उभी राहतात, शंका विचारतात, कुठलं पुस्तक वाचू म्हणून विचारतात, आणि ती दहा मिनिटं कधीकधी अख्ख्या तासापेक्षा मोलाची असतात. त्या दहा मिनिटांत मुली पडद्याच्या आत.

आता लायब्ररी. याच्यासाठी तर मी आज आले आहे. आत्या दोन वर्षं त्या कॉलेजात होती आणि लायब्ररीच्या आत तिने पाय ठेवला नाही. बंदी नव्हती. फक्त तिथे मुलं बसत आणि मुली जात नसत. मुलींनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून शिपायाकडे द्यायचं, तो आणून देई. शिपाई भला माणूस होता, त्याच्याविषयी ती शेवटपर्यंत चांगलंच बोलली. पण चिठ्ठीवर नाव लिहायचं म्हणजे ते आधी माहीत हवं, आणि पुस्तकांची नावं कपाटापुढे उभं राहिल्यावर कळतात! एक पुस्तक काढायला जावं, शेजारचं हाती यावं, उभ्याउभ्या चार पानं वाचावीत, आणि माणसाचा विषयच बदलून जावा. विद्यार्थी असाच घडतो. वर्गात जे शिकवलं ते आत्याला मिळालं, मुलांच्या बरोबरीने मिळालं. शेजारचं पुस्तक मात्र तिला मिळालं नाही. कुठल्या अहवालात याची नोंद होणार? पटावर तिचं नाव आहे, हजेरी आहे, निकालात ती पास आहे. कागदावर तिला काहीच कमी पडलं नाही.

आणि कागदाचंच बोलायचं तर आता तक्रार. त्या कॉलेजने पुढे मोठ्या कौतुकाने एक स्मरणिका काढली. तिच्यात आत्याच्या वर्षाचा गॅदरिंगचा ग्रुप फोटो आहे. मधे खुर्च्यांवर प्राचार्य आणि प्रोफेसर, मागे उभी मुलं, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं, आणि उजव्या टोकाच्या खुर्च्यांवर या तिघी. खाली नावं: उभे, डावीकडून, आडनाव आणि आद्याक्षरं, एकाही मुलाचं राहिलेलं नाही. टोकाला उभ्या असलेल्या शिपायाचंही नाव आहे, आणि ते आहे हे फार चांगलं आहे. आणि मग शेवटी: ‘व लेडी स्टुडंट्स’. तिघी हयात होत्या हो! एक तर याच शहरात, धरमपेठेत राहत होती.

मी कॉलेजला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुन्या फोटोवर जशी नावं होती तशी छापली, मुलींची नावं उपलब्ध नाहीत. मी गेले. ऑफिसात विनंती केली, जुनं प्रवेश रजिस्टर काढायला लावलं. कपाटावर धूळ खात होतं, वाळवी एका कोपऱ्याला लागलेली, पण पानं शाबूत. तिन्ही नावं होती. वडिलांचं नाव, गाव, शाळा, फी भरल्याची तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. हेडक्लार्कने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नंतर म्हणाला, “मॅडम, आजवर हे कोणी मागितलंच नाही.” त्याच्यावर मी रागावले नाही. पण घरी येताना रिक्षात मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही.

आणि पुढची अडचण ऐका, कारण ज्यांना हे काम करायचं आहे त्यांना ती येणारच. रजिस्टरमधली मुलगी लग्नानंतर सापडत नाही. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, बऱ्याच घरांत पहिलं नावही बदललं. रजिस्टरमधल्या दुसऱ्या मुलीचा पत्ता मला लागला तो तिच्या भावाच्या आडनावावरून. मुलांची चरित्रं लिहायला असं कोणाचा भाऊ शोधावा लागत नाही.

हे काही फक्त नागपूरचं नाही. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकला १८६६ मध्ये जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिली मुलगी म्हणून गेल्या. त्यांनीच लिहून ठेवलंय की त्या आत येऊ नयेत म्हणून मुलं तोंडावर दारं लावून घेत. पदवी परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या, विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीचा मान त्यांचा होता, पण मुलगी म्हणून ती नाकारली गेली. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! परीक्षेला बसू दिलं, तरी पदवीधर म्हणायला विद्यापीठ तयार नव्हतं.

कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकून रसायनशास्त्रज्ञ झालेले. १९३३ मध्ये मुंबईची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झालेली ही मुलगी तिथेच अर्ज करते आणि संचालक सी. व्ही. रामन मुलगी म्हणून नकार देतात. ती तिथे जाऊन सत्याग्रह करते. मग प्रवेश मिळतो तो अटींवर. वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं. आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट जरा थांबून ऐका. लक्ष त्यांचं, सांभाळायचं तिने. ती वर्षभर राबली, इन्स्टिट्यूटचं मत बदललं, पुढे मुलींना दार उघडलं, आणि १९३९ मध्ये ती केंब्रिजची पीएच.डी. झाली. आपण शेवटच्या वाक्याला टाळ्या वाजवतो. मला त्या पहिल्या वर्षाबद्दल वाचायचं आहे. ती जेवायला कुठे बसायची? रात्री प्रयोगशाळेतून खोलीवर कशी जायची?

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. अध्यक्ष माझे जुने स्नेही आहेत, त्यांनी खरं तर पाचच लिहिली असती. तर आता भराभर.

याच केंब्रिजमध्ये १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झालं, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. पूर्ण पदव्या द्यायला १९४८ उजाडलं. अमेरिकेत हार्वर्डची लामाँट लायब्ररी १९६७ पर्यंत मुलींना बंद होती. म्हणजे आत्याची लायब्ररी तिथेही होती, आणि तिथे तर नियम करून होती. मद्रासला गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ए. ललिता गेल्या. कोवळ्या वयात वैधव्य आलेलं, पदरी लहान मुलगी. हॉस्टेलात त्या एकट्या होत्या. मग आणखी दोघी आल्या तेव्हा दिवस सुसह्य झाले. १९४४ च्या सुमारास त्यांच्या प्रमाणपत्रांवर छापलेलं पुरुषाचं सर्वनाम हाताने खोडून दुरुस्त केलं गेलं. दोघी-तिघी एकदम असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे जोडीदारावाचून प्रॅक्टिकल केलेल्या आत्याला विचारायला हवं होतं.

हे मात्र घाईत सोडणार नाही. लेडीज रूमलाही उंबरठा होता. दलित समाजातल्या जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये याच शहरात चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ मध्ये इथे अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा शिकलेल्या, पुढारलेल्या बायकांच्या त्या मेळ्यात जाईबाईंना जेवायला वेगळं बसवलं गेलं. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आले होते. कौसल्या बैसंत्रींचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. त्या घरातून शिकलेल्या या मुलीने आपलं आयुष्य हिंदीत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला काही कळतं. तर जेव्हा आपण विचारू की तास नसताना मुलगी कुठे होती, तेव्हा हेही विचारायचं की त्या बाकावर, त्या माठापाशी कोणाला जागा होती.

आता पत्रिकेवरची ओळ. काम कुठून सुरू करायचं? कॉलेजांच्या इमारतींचे जुने नकाशे आणि दुरुस्तीची बिलं मागा. मुलींची खोली कधी बांधली, मुलींचं स्वच्छतागृह कधी बांधलं हे त्यात सापडतं, आणि प्रवेशाचं साल व स्वच्छतागृहाचं साल यांत किती अंतर आहे ते पाहा. लायब्ररीची देवघेव रजिस्टरं मागा. प्रयोगशाळेच्या जोड्यांच्या याद्या, हॉस्टेलची दार बंद होण्याची वेळ, मॅगझिनच्या संपादक मंडळात मुलगी पहिल्यांदा कधी आली, हे सगळं लिहून घ्या. मुलाखत घ्यायला जाल तेव्हा ‘तुम्हाला कसं वाटलं’ विचारू नका. छान वाटलं, सगळे चांगले होते, असंच उत्तर येईल, कारण त्या बाया कृतज्ञ आहेत. विचारा, डबा कुठे खाल्ला? पावसाळ्यात ओली साडी कुठे वाळवली? पाळी आली तेव्हा काय केलंत? मग बोलतात, आणि तासन्‌तास बोलतात. पण त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नका. माझ्या आत्याला मी यातलं अर्धंही विचारलेलं नाही.

ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमची आई, आजी, सासू, मावशी, कोणीही नागपुरातल्या कॉलेजात शिकलेली असेल तर तिचं नाव लिहा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. घरात जुना ग्रुप फोटो असेल तर फ्रेममधून काढून बघा, नावं पुष्कळदा मागे पेन्सिलने लिहिलेली असतात. मोबाइलवर फोटो काढाल तेव्हा दोन्ही बाजूंचा काढा.